सुईणीचा इतिहास वाचायचाय? आधी तो लिहिलाय कुणी ते बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: "माझी पणजी दिंडोरीकडच्या एका गावात सुईण होती, एवढंच मला ठाऊक आहे. घरात तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मला आता पाचवा महिना चालू आहे आणि बाळंतपणाचा, सुईणींचा, एकूणच बायकांच्या आयुष्याचा इतिहास वाचावासा वाटतोय. एखादं चांगलं पुस्तक सुचवा, मराठी असेल तर उत्तम. आणि त्या पिढीला जे कळायचं ते आजच्या डॉक्टरांपेक्षा खरंच चांगलं होतं का?"

ताई, आधी अभिनंदन. मी नोकरीची सुरुवातीची वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत आरोग्यसेविका म्हणून काढली, नंतर नाशिकमध्ये नर्सिंगच्या मुलींना प्रसूतिविद्या शिकवली. तेव्हा तिकडे उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांपेक्षा घरी होणारी जास्त, आणि घरी म्हणजे सुईणीच्या हातून. माझं वाचन त्या कामातून सुरू झालं. त्यामुळे इतिहासाच्या प्राध्यापक बाई जी यादी देतील त्याहून माझी यादी वेगळी असेल, हे गृहीत धरा.

तुम्ही गरोदर आहात म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. इतिहास भरपूर वाचा, पण त्यातून स्वतःसाठी उपाय शोधू नका. जुन्या ग्रंथात अमुक लिहिलंय किंवा पणजी तमुक करायची म्हणून आपणही करून बघू, हे नको. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताची इंजेक्शनं, सोनोग्राफी हे सगळं ठरल्या वेळी होऊ द्या आणि पुस्तकं दुपारी पाय वर करून वाचा. हा विषय इथे संपला.

आता पुस्तकाचं. तुम्हाला हवंय तसं एक पुस्तक नाही, आणि त्याला कारण आहे. ज्यांनी हे काम केलं त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी बहुतेक वेळा बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. वैद्य, मिशनरी, सरकारी डॉक्टर, समाजसुधारक, प्रत्येकाला सुईण दिसली ती आपापल्या खिडकीतून. म्हणून या विषयातलं कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघते, हे लिहिणारं माणूस कोण आणि त्याला सुईण कशासाठी हवी होती. एवढं कळलं की निम्मं पुस्तक वाचून झाल्यासारखंच असतं.

इंग्रजी वाचत असाल तर सुरुवात लॉरेल थॅचर उल्रिक यांच्या 'अ मिडवाइफ्स टेल'पासून करा. १९९० सालचं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला इतिहासाचं पुलित्झर मिळालं. अमेरिकेतल्या मेन भागात मार्था बॅलर्ड नावाची सुईण होती. तिने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं रोज डायरी लिहिली आणि त्यात ८१६ बाळंतपणांची नोंद ठेवली. डायरी बघायला अगदी रुक्ष: आज वारा कसा, नदी गोठली का, कुणाच्या घरी गेले, मुलगा की मुलगी, किती शिलिंग मिळाले, किती येणं राहिलं. आधीच्या इतिहासकारांनी ती चाळली आणि बायकी किरकोळ तपशील म्हणून बाजूला ठेवली. उल्रिकबाईंनी तेच किरकोळ तपशील एकापुढे एक मांडले आणि त्यातून अख्खं गाव उभं केलं. कुणाच्या घरी विणकाम, कुणाला लग्नाआधीच दिवस गेले, कुणी कुणाचे पैसे बुडवले, सगळं. मार्थाच्या हातून एकही बाई प्रत्यक्ष प्रसूतीत दगावली नाही. नंतरच्या दिवसांत मोजक्या गेल्या. सुईणीच्या स्वतःच्या हातचा इतका कागद जगातच दुर्मीळ आहे. हे पुस्तक वाचलंत की आपल्याकडे काय हरवलंय ते आपोआप कळेल.

'चांगलं होतं का' या प्रश्नासाठी आयर्विन लाउडन यांचं 'डेथ इन चाइल्डबर्थ', १९९२ सालचं. जाड आहे, तक्ते खूप, झोप येईल, पण तुमच्या प्रश्नाला इतकं सरळ भिडणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. लाउडन स्वतः आधी डॉक्टर होते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाकीचे मृत्यू भराभर कमी होत होते, पण दर हजार बाळंतपणांमागे चार-पाच आया मरतच होत्या, आणि हा आकडा १९३५ च्या आसपासपर्यंत हलला नाही. मग जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं आली, पुढे पेनिसिलिन आणि रक्त चढवण्याची सोय, आणि आकडा कोसळला. लाउडन यांचं म्हणणं असं की आईच्या जिवाचा प्रश्न गरिबी-श्रीमंतीपेक्षा बाळंतपण कुणाच्या हातून होतं यावर जास्त ठरला. हॉलंड आणि स्कँडिनेव्हियात नीट शिकवलेल्या सुईणी होत्या, तिथे मृत्यू कमी. उलट घाई करून मूल ओढायला चिमटे लावणाऱ्या डॉक्टरांच्या हातून सुखवस्तू घरातल्या बायकाही गेल्या. व्हिएन्नाच्या रुग्णालयातली गोष्ट तुम्ही ऐकली असेल: एका विभागात डॉक्टरकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी, आणि विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच थेट बाळंतिणीकडे येत. १८४७ मध्ये तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू उतरले. पुढे या माणसाचे किती हाल झाले ते तुम्हीच वाचा.

एका पुस्तकाबद्दल मात्र सावध करते, कारण ते इंटरनेटवर सगळीकडे फिरत असतं. एरेनराइक आणि इंग्लिश या दोघींची 'विचेस, मिडवाइव्ह्ज अँड नर्सेस' ही १९७३ सालची पुस्तिका. युरोपात चेटकिणी म्हणून जाळल्या त्या मुख्यतः सुईणी आणि औषध देणाऱ्या बायकाच होत्या, असा तिचा सूर. वाचायला जोरदार, स्त्रीचळवळीला बळ देणारी, पण नंतरच्या इतिहासकारांनी खटल्यांचे कागद तपासले तेव्हा आरोपींत सुईणी फारशा सापडल्या नाहीत. उलट अनेक ठिकाणी सुईण ही गावातली भरवशाची बाई म्हणून न्यायालयात साक्षीला उभी. जुनी सुईण म्हणजे दडपलेलं गूढ ज्ञान, असं मनात धरून वाचायला बसलात की असली पुस्तकं फार गोड लागतात.

भारतात आलं की सुरुवात ग्रंथांपासून होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठवा अध्याय बाळंतपणावर आहे; सूतिकागार, म्हणजे बाळंतिणीची खोली, कशी बांधावी इथपासून सगळं. त्यातल्या दोन जागा मी मुलींना नेहमी सांगायचे. एक, कळ आलेली नसताना जी बाई जोर लावते तिचे श्रम फुकट जातात. हे लेबर रूममध्ये आजही रोज सांगावं लागतं. दुसरी जागा वादाची आहे: कळा सुरू झाल्यावर बाईला मुसळ घेऊन कांडायला लावावं असं काहींचं मत होतं, आणि ग्रंथातले गुरू आत्रेय ते खोडून काढतात, गरोदर बाईला असे श्रम देऊ नयेत म्हणतात. म्हणजे तेव्हाही मतभेद होते. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं एका वाक्यात सांगणाऱ्याने हा वाद वाचलेला नसतो. आणि बघा, प्रसूतीच्या वेळी जवळ कोण असावं, तर जिची स्वतःची बरीच बाळंतपणं झाली आहेत अशा मायाळू बायका. ग्रंथ वैद्यांचा, काम बायकांचं.

आपल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी.साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. वय एकवीसही पुरं नव्हतं. चौदाव्या वर्षी झालेलं स्वतःचं बाळ दहा दिवसांत गेलेलं. प्रबंध ग्रंथांवर उभा आहे. गावातली सुईण त्यात शोधू नका. आनंदीबाईंवर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे, पण तुम्ही मीरा कोसंबी यांनी गोळा करून मांडलेली त्यांची पत्रं वाचा.

त्याच काळात सरकारी आणि मिशनरी कागद सुरू होतात. १८८५ चा डफरिन फंड, १९०३ चा व्हिक्टोरिया मेमोरियल फंड, दोन्ही बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठी; दुसरा खास दायांना शिकवण्यासाठी. त्यांच्या अहवालांत दाई म्हणजे घाण, अडाणी, हट्टी. काही खोटं नव्हतं, धनुर्वाताने मुलं मरतच होती. पण पैसा मागायचा अहवाल चित्र जरा काळंच रंगवतो. अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांनी १९२७ मध्ये 'मदर इंडिया'त अशाच अहवालांतली वर्णनं उचलून सगळ्या देशावर थापली, आणि गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार-तपासनिसाचा अहवाल म्हटलं. दोन्ही बाजूंच्या या भांडणात दाईला कोणी काही विचारलं नाही. या काळासाठी जेराल्डिन फोर्ब्स यांचे लेख चांगले. स्वातंत्र्यानंतरच्या खेड्यासाठी जेफरी दांपत्य आणि लायन यांचं 'लेबर पेन्स अँड लेबर पॉवर', १९८९, उत्तर प्रदेशातल्या बिजनौरचं. आणि जॅनेट चावला यांनी संपादित केलेलं 'बर्थ अँड बर्थगिव्हर्स', २००६. बिजनौर नाशिकसारखं नाही हे लक्षात ठेवून वाचा. तिकडे दाईला घरात काही अधिकारच नसे. आमच्या आदिवासी पाड्यांवर सुईणीचा शब्द चालायचा.

मराठीत सुईणींवर स्वतंत्र पुस्तक शोधत बसू नका. आईवर आपल्याकडे काय कमी लिहिलंय? 'श्यामची आई' तर साने गुरुजींनी इथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ साली. पण आई होण्याच्या त्या रात्रीवर मराठी लेखणी पटकन पडदा ओढते. तो थोडाफार सरकतो बायकांच्या आत्मचरित्रांत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, म्हणजे आपल्याच परिसराची बाई. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची वर्णनं वाचताना हसू आवरत नाही. जिथे रोजच्या ओल्या-सुक्याचा एवढा बाऊ, तिथे बाळंतिणीच्या विटाळाचं काय होत असेल, हे मनाशी धरून ती पानं वाचा. मग बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', १९८६. महारवाड्यातली पहिलटकरीण कशी अडायची, बाळंत झालेल्या बाईच्या पोटात अन्न नाही म्हणून पोट कसं आवळून बांधायचं, हे त्यात आहे. तुमच्या दिवसांत ती पानं जड जातील. बाळंतपणानंतर वाचलीत तरी चालेल.

दोन गोष्टी लोक बाळंतपणाच्या इतिहासात धरत नाहीत, मी धरते. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. आणि ताराबाई शिंदे यांची १८८२ ची 'स्त्रीपुरुषतुलना' पेटली तीही सुरतेच्या एका विधवेला बाळ मारल्याबद्दल शिक्षा झाली त्या खटल्यावरून. त्यांच्या पुढची कडी म्हणजे र. धों. कर्वे: १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'. मूल कधी नको हे ठरवता येणं हाही बाळंतपणाचाच इतिहास आहे.

आता तुमची पणजी. पेठकडच्या एका वयस्कर सुईणीचं काम मी जवळून पाहिलंय. बाई उकिडवी, आढ्याला बांधलेला दोर धरून. सुईण तिच्या पाठीमागे बसायची, आपले गुडघे तिच्या कमरेला टेकवून, हात पोटावर. बोलणं जवळजवळ नाहीच. मूल आलं की ते कापडावर घ्यायची आणि नाळेला हात लावायची नाही. वार पडेपर्यंत थांबायची. मूल रडलं नाही तर वारेला निखाऱ्याची ऊब द्यायची, त्या उबेने जीव परततो म्हणायची. मग नाळ दोऱ्याने बांधून कापायची, आधी विळ्याने, आम्ही द्यायला लागल्यावर ब्लेडने.

यातलं चांगलं किती? उकिडवं बसणं चांगलं, पाठीला माणूस असणं फारच चांगलं. नाळ लगेच न कापणंही बरोबर. आज जागतिक आरोग्य संघटनाही किमान एक मिनिट थांबा म्हणते, कारण तेवढ्यात बाळाला त्याचं रक्त मिळतं. पण वार पडलीच नाही तर? तास जायचे, रक्त जायचं, आणि सुईणीकडे रक्तस्राव थांबवणारी मेथर्जिनची गोळी नव्हती की सलाइन. विळा धुतलेला नसला, नाळेवर राख किंवा शेण लावलं, की आठवड्याभरात बाळाचे जबडे आवळायचे. पहिला चीक पिळून टाकायची पद्धत अनेक घरांत होती, ती सरळ वाईट. म्हणजे उत्तर बाळंतपणावर अवलंबून आहे. सरळ बाळंतपणात तुमच्या पणजीने बाईला जो धीर आणि वेळ दिला असेल तो आजच्या गर्दीच्या लेबर रूममध्ये मिळत नाही. बाई अडली, रक्तस्राव झाला, झटके आले, तर पणजी हात जोडण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अंदाज दिला तो हजार जन्मांमागे वीस मातामृत्यूंचा, म्हणजे लाखामागे दोन हजार. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा लाखामागे ३३ आहे. हा फरक रक्त, औषधं, सिझेरियन आणि वेळेवर मिळालेली गाडी यांचा.

घरात कोणी बोलत नाही, त्याचं कारण मी खात्रीने सांगू शकत नाही, पण अंदाज बांधता येतो. सुईणीचं काम कुठे न्हावीण करायची, कुठे मांगीण, कुठे घरातलीच जाणती म्हातारी. आदिवासी पाड्यांवर हात चांगला असलेली कोणीही. जिथे ते काम जातीला बांधलेलं होतं, तिथे नाळ कापायला, रक्ताचे कपडे धुवायला तिला बोलवायचं आणि बाळंतीण न्हाली की तिचा घरात वावर बंद, असं होतं. बारशाला साडी-चोळी आणि शिधा, पण पाण्याचा तांब्या वेगळा. शिकलेल्या नातवंडांना हे आठवायला नको असतं. तुमच्या घरात असंच असेल असं नाही, पण विचारताना एवढं ध्यानात ठेवा.

वाचनाचा क्रम विचाराल तर: आता 'स्मृतिचित्रे' आणि उल्रिक, मग चावला, लाउडनमधली हवी तेवढी प्रकरणं, आणि बाळ झाल्यावर 'जिणं आमुचं'.

नाशिकमध्ये शोधायचं तर सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे. जुनी आत्मचरित्रं तिथे मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, इंटरनेटवर फुकट आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात जातवार चालीरीती दिल्यात. साहेबाच्या नजरेतून आहेत, पण आहेत. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगाव फिरून केला, लाखाहून जास्त ओव्या, ग्रामीण भारताबद्दलच्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. डोहाळे, माहेर, बाळंतपण, सगळं बायकांच्या तोंडचं. माझ्या मते मराठीत सुईणीच्या सगळ्यात जवळ जाणारा मजकूर हाच.

तहसील कार्यालयातली जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, लोक जातीच्या दाखल्यासाठी उकरतात. तुम्ही वेगळ्या कारणासाठी बघा. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं, आईचं बहुधा नसतं, सुईणीचं तर नाहीच. पण एखाद्या माणसाच्या घरी जन्म नोंदवलाय आणि महिन्याभरात त्याच घरातल्या बाईचा मृत्यू, कारणाच्या रकान्यात 'ताप', अशा जोड्या शोधत गेलात की बाळंतपणात गेलेल्या बायका एकेक करून दिसायला लागतात.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. "पणजी कशी होती" असं विचारलंत तर "चांगली होती" एवढंच उत्तर येईल. रात्री तिला न्यायला कोण यायचं, कंदील कोण धरायचं, कुणाच्या घरी ती ओसरीपर्यंत आणि कुणाच्या घरी थेट चुलीपर्यंत जायची, पायाळू मूल असलं तर काय करायची, बदल्यात धान्य मिळायचं की खण, तिच्या स्वतःच्या बाळंतपणाला कोण आलं होतं, असं विचारा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि हे सगळं आठव्या महिन्याच्या आत उरका. त्यानंतर वर्षभर तरी तुम्हाला सवड मिळणार नाही.